लाल कानाचं कासव: नर की मादी? नखं बघायची, शेपटी बघायची की पोट?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. शाळेच्या प्रयोगशाळेत तीन फुटी काचटाकी आहे. तिच्यात तीन रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानाची कासवं, आहेत. दुकानातून आणली तेव्हा तिन्ही ग्लुकोजच्या बिस्किटापेक्षा लहान होती आणि दुकानदाराने "एक जोडी आणि वर एक मादी" असं सांगून दिली. आता तिघांची वाढ अगदी वेगवेगळी झाली आहे. सगळ्यात मोठं साधारण १४ सेंटिमीटर, मधलं ११ च्या आसपास आणि तिसरं अजून ७-८ मध्येच आहे. मधल्याच्या पुढच्या पायांची नखं बरीच लांब दिसतात. ते मोठ्याच्या तोंडासमोर जाऊन हात थरथरवतं. मोठं हल्ली त्याच्यापासून पळतं, जेवणही कमी करतं.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. नर-मादी ओळखायच्या पक्क्या खुणा कोणत्या आणि त्या किती आकारानंतर दिसतात? "पोट आत दबलेलं असेल तर नर" असं मुलांच्या वहीत लिहिलेलं आहे, ते या कासवाला लागू पडतं का? आणि आपल्याकडे विहिरीत, तलावात दिसणारं मऊ पाठीचं कासव असतं, त्यालाही याच खुणा चालतात का? मुलांना चुकीचं शिकवायचं नाही, म्हणून मोजमापासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

काचटाकी_जळगाव

सर, सर्वात आधी आकार मोजा, कारण बाकीच्या सगळ्या खुणा आकारावर अवलंबून आहेत. वय विचारात घेऊ नका. जास्त खायला मिळालेलं दोन वर्षांचं कासव आणि उपाशी वाढलेलं चार वर्षांचं कासव एकाच मापाचं असू शकतं, आणि खुणा वयापेक्षा मापाप्रमाणे उमटतात.

मोजायची पद्धत अशी: कासव सपाट टेबलावर ठेवा. डोक्याकडे एक जाड पुस्तक उभं करा, शेपटीकडे दुसरं. दोन्ही पुस्तकं कवचाला हलकी टेकली की त्यांच्यामधलं अंतर स्टीलच्या पट्टीने घ्या. कवचाच्या गोलाईवरून शिंप्याचा टेप फिरवला तर माप सहज वाढतं आणि मग कुठलाच आकडा कुणाशी जुळत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

स्लायडरमध्ये नराच्या खुणा साधारण १० सेंटिमीटरच्या पुढे स्पष्ट होतात. मादी वयात येते तीच मुळात १५ ते १७ सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे ८ सेंटिमीटरच्या आतलं कासव कुणी "ही मादीच" म्हणून देत असेल तर ते अंदाजाने बोलतंय, दुसरं काही नाही. लहानपणी सगळीच मादीसारखी दिसतात: आखूड नखं, बारीक शेपटी, सपाट पोट. म्हणजे "नराची खूण नाही" याचा अर्थ "मादी आहे" असा लावायचा नाही. १३-१४ सेंटिमीटर होऊनही खूण आली नाही, तर मात्र मादी म्हणायला हरकत नाही.

आता नखं. पुढच्या पायाला पाच नखं असतात, मागच्या पायाला चार. नराची पुढच्या पायाची मधली तीन नखं लांब वाढतात आणि टोकाला किंचित वळतात. नुसतं "लांब दिसतात" यावर जाऊ नका, तुलना करा. पुढच्या पायाचं मधलं नख मागच्या पायाच्या नखाच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून लांब असेल तर नर. पुढची आणि मागची दोन्ही लांब असतील तर ती नराची खूण धरू नका. ते झिजायला जागा नसल्यामुळे वाढलेले नख आहे. गुळगुळीत काच, प्लॅस्टिकची ऊन्हं घ्यायची फळी, तळाला वाळू नाही, अशा टाकीत मादीचीही नखं वाढतात. तिथे खरखरीत विटेचा तुकडा किंवा न गुळगुळीत केलेला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की काही आठवड्यांत फरक दिसतो.

थरथर करणाऱ्या हाताबद्दल: तो नराचा प्रेमाराधनाचा प्रकार आहे. नर मादीच्या समोर तोंड करून मागे सरकत पोहतो, दोन्ही हात पुढे करून नखं तिच्या गालाजवळ झरझर हलवतो. पण लहान पिल्लंही कधीकधी एकमेकांसमोर हे करतात, आणि क्वचित मादीही करते. म्हणून नुसत्या वागण्यावरून शिक्का मारू नका.

खरी भरवशाची खूण शेपटी आहे. नराची शेपटी बुडाशी जाड आणि लांब, मादीची आखूड आणि बुडाशी बारीक. आणि त्याहून पक्कं म्हणजे शेपटीच्या खालच्या बाजूचं छिद्र, ज्याला जीवशास्त्रात अवस्करद्वार म्हणतात. नरात हे छिद्र पाठीच्या कवचाच्या कडेच्या बाहेर, शेपटीच्या टोकाकडे सरकलेलं असतं. मादीत ते कवचाच्या कडेच्या आत किंवा अगदी कडेवर, शेपटीच्या बुडाशी असतं. कारण सरळ आहे: नराचं लिंग शेपटीच्या बुडात गुंडाळलेलं असतं, त्याला जागा लागते.

रावेर_केळीबाग

नखं-शेपटी बरोबर, पण मी तर पोटाची ढाल आधी बघतो. पोट आत खोलगट असलं तर नर, सपाट किंवा बाहेर फुगीर असलं तर मादी. जमिनीवरच्या कासवात तर हे लांबूनही कळतं. स्लायडरलाही चालायला हवं ना?

दुसरी शंका अशी. इथे असं सांगतात की कासवाच्या अंड्याला उष्णता जास्त मिळाली की मादी होते. मग आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ ला जातो, टाकीचं पाणीही तापतं. त्यामुळे लहान कासव वाढताना मादी होतं का?

हतनूर_पाणथळ (भुसावळ)

भाऊ, पोटाच्या ढालीबद्दल थोडं थांबून बोलू, कारण मुलांच्या वहीतलं वाक्य तिथूनच आलंय.

पोट खोलगट का असतं ते पाहा. जमिनीवर मिलन होताना नराला मादीच्या गोल पाठीवर टिकायचं असतं. पोट आत दबलेलं असलं की तो घसरत नाही. म्हणून भूचर कासवात, आणि जमिनीवर बऱ्यापैकी फिरणाऱ्या काळ्या कासवात म्हणजे मेलॅनोकेलिस ट्रायजुगात, नराची पोटाची ढाल स्पष्ट आत गेलेली दिसते. स्लायडर मात्र पाण्यात मिलन करतं. तिथे पाणी वजन पेलतं आणि नर लांब नखांनी मादीच्या कवचाची पुढची कड धरतो. त्यामुळे पोट खोल असण्याची गरज कमी. स्लायडरच्या नरात ते किंचित दबलेलं असू शकतं, बऱ्याचदा सपाटच असतं. वर प्रयोगशाळेत वाढलेल्या कासवाचं कवच कॅल्शियमच्या किंवा उन्हाच्या कमतरतेने वेडंवाकडं झालेलं असेल तर मादीचंही पोट दबलेलं भासतं. म्हणून सर, वाक्य पुसू नका, पण असं दुरुस्त करा: "भूचर आणि काही गोड्या पाण्यातल्या कासवांत नराचं पोट खोलगट असतं. स्लायडरमध्ये ही खूण दुय्यम आहे, आणि मऊ पाठीच्या कासवात तर लागूच होत नाही."

उष्णतेचा प्रश्न फार चांगला आहे, आणि उत्तर "नाही" असं आहे. स्लायडरचं लिंग अंड्यात असताना ठरतं, तेही अंडी उबण्याच्या काळाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात. साधारण २६ अंश सेल्सिअसला उबवलेली बहुतेक सगळी पिल्लं नर निघतात, ३१ अंशांना बहुतेक सगळी मादी, आणि २९ च्या आसपास दोन्ही मिसळून. एकदा पिल्लू बाहेर आलं की जळगावचा मे महिना असो की तोरणमाळचा गारठा, लिंग बदलत नाही. टाकीचं पाणी तापल्याने कासव मादी होणार नाही, आजारी मात्र पडेल.

यातूनच दुकानातल्या "जोडी"चा दावा का खोटा ठरतो तेही कळतं. कासवं पैदास करणाऱ्या फार्मवर एका खोक्यात एकाच तापमानाला उबवलेली पिल्लं एका लॉटमध्ये येतात. मग तिन्ही नर किंवा तिन्ही मादी निघणं अगदी शक्य आहे. पाच सेंटिमीटरच्या पिल्लांत जोडी लावणं बाहेरून बघून कुणालाच जमत नाही.

आता आपल्या मऊ पाठीच्या कासवाकडे. खान्देशात विहिरी, शेततळी, गिरणा-वाघूर-पांझराच्या डोहांत जे सगळ्यात जास्त दिसतं ते फ्लॅपशेल, लिसेमिस पंक्टाटा. पाठीवर खवले नाहीत, कातडीसारखं आवरण, आणि पोटाकडे मागच्या पायांवर बंद होणारी कातडी झापडं. याच्यात नखांवरून लिंग कळत नाही. प्रत्येक पायाला तीनच नखं, नरात आणि मादीत सारखी. पोटाचंही तेच. बघायची ती शेपटी: नराची शेपटी जाड आणि लांब, पाठीच्या कडेबाहेर तिचं टोक दिसतं. मादीची आखूड आणि बोथट, झापडांच्या आत जवळजवळ लपते. आकारात मादी बरीच मोठी होते. पण एकटं कासव समोर असताना "मोठं आहे म्हणजे मादी" असं म्हणता येत नाही, कारण लहान मादी आणि पूर्ण वाढलेला नर एकाच मापाचे असू शकतात.

या कुळात, म्हणजे मऊ पाठीच्या कासवांत, लिंग गुणसूत्रांनी ठरतं. त्यामुळे वर सांगितलेला अंड्याच्या तापमानाचा नियमही त्यांना लागू नाही. मुलांना दोन्ही प्रकार शेजारी ठेवून सांगितले तर "कासव म्हणजे एकच प्राणी" हा समज जाईल.

एक महत्त्वाचं. फ्लॅपशेल उचलून शेपटी बघायला जाऊ नका आणि मुलांना तर अजिबात सांगू नका. हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विहिरीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून कासव आणून सोडण्याची जुनी रीत गावोगाव आहे, पण आता तेही यातच येतं. उंच कठड्याच्या विहिरीत मादीला अंडी घालायला मातीच मिळत नाही, हा त्यातला आणखी वाईट भाग. उन्हाळ्यात तळी आटली की ही कासवं चिखलात गाडून घेतात आणि मृगाच्या पहिल्या पावसाला बाहेर पडतात. कपाशीच्या पेरणीच्या दिवसांत शेतात, रस्त्यावर सापडतात ती बहुधा हीच. रस्त्यावर असेल तर ज्या दिशेने चाललंय त्याच दिशेला कडेला लावून द्यायचं, जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकाला फोन करायचा.

आणि नखांवरून निघालंय म्हणून सांगतो: "वीस नखांचं कासव" धनलाभ देतं या समजापायी महाराष्ट्रात कासवांची चोरटी विक्री चालते. नखांची संख्या ना लिंग सांगते ना नशीब. मुलांना हे शाळेतच कळलं तर मोठं काम होईल.

बोरीकाठ (अमळनेर)

हतनूर दादा, काचटाकी भाऊ, मनापासून धन्यवाद. पुस्तकं लावून मापं घेतली. एक अडचण आली. उचललं की तिन्ही कासवं शेपटी बाजूला दुमडून कवचात घेतात, छिद्र कुठे आहे ते दिसतच नाही. ओढायची हिंमत झाली नाही.

मोठं: कवच १४.२ सें.मी. पुढचं मधलं नख ८ मि.मी., मागचं ८ मि.मी.
मधलं: कवच ११.३ सें.मी. पुढचं नख १६ मि.मी., मागचं ७ मि.मी.
लहान: कवच ७.६ सें.मी. पुढचं ५, मागचं ५ मि.मी.

काचटाकी_जळगाव

ओढली नाहीत हे फार बरं केलं. शेपटीचे मणके नाजूक असतात, आणि भीतीने कासव ती अजून आत घेतं.

हात न लावता बघायची रीत अशी आहे. तळ सपाट आणि पारदर्शक असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, कवचाच्या दुप्पट लांबीचा. त्यात टाकीचंच पाणी २-३ सेंटिमीटर भरा. दोन टेबलं एकमेकांपासून थोडी लांब ठेवून त्यांच्या कडांवर डबा असा ठेवा की मधला भाग उघडा राहील. एका माणसाने डबा दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, तो सोडायचा नाही. कासव आत सोडा आणि पाच मिनिटं शांत बसा. ते चालायला लागलं की शेपटी आपोआप सरळ होते. तेव्हा खालून मोबाइलने व्हिडिओ घ्या. नंतर एकेक चित्र थांबवून बघा. डब्याच्या तळाला बाहेरून पट्टी चिकटवली तर त्याच चित्रात माप मिळतं. फ्लॅश नको, तळावर चमक येते. वरून खिडकीचा उजेड पुरेसा आहे.

हातातच बघायचं झालं तर कवचाच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये धरायचं. खाली जाड टॉवेल, उंची टेबलापासून वीतभर. पूर्ण उलटं पाडायचं नाही, डोकं वर राहील असं तिरकं करायचं. अर्ध्या मिनिटात काम झालं नाही तर खाली ठेवून द्यायचं. आणि ज्या मुलाने हात लावला त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

मापांवरून: मधलं नर आहे, नख मागच्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे, यात आता शंका नाही. मोठं मादी दिसतंय, पण शेपटीचं चित्र आल्यावर पक्कं करू. लहान्याबद्दल आज काहीच बोलता येत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

डब्याची युक्ती पहिल्याच दिवशी जमली. मोठ्याचं छिद्र कवचाच्या कडेच्या २-३ मि.मी. आतच आहे. शेपटी बारीक आहे. मधल्याचं छिद्र कडेच्या बाहेर साधारण ९ मि.मी. वर आहे आणि शेपटी बुडाशी चांगली जाड आहे. लहान्याचं कडेवरच आहे.

म्हणजे एक मादी, एक नर, एक अनिश्चित. पण मादीचं खाणं कमी झालंय त्याचं काय करू? ती कोपऱ्यात काचेला मागच्या पायांनी खरवडतेही.

पशुवैद्य_धुळे

१४.२ सेंटिमीटरची मादी अंडी धरण्याच्या मापाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. काही माद्या याच टप्प्यात पहिली अंडी धरतात. त्यासाठी नर लागत नाही. न फळलेली अंडी मादी एकटीही घालते, जशी कोंबडी घालते. आणि नर असला तर मादी त्याचं बीज शरीरात साठवून ठेवते; नर वेगळा केल्यावर कित्येक महिन्यांनी फळलेली अंडी येऊ शकतात.

तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी, कमी खाणं आणि मागच्या पायांनी खरवडणं, याचे दोन अर्थ निघतात. एक, नराचा त्रास. दोन, अंडी. दोन्हीसाठी पहिली पायरी एकच आहे: नराला आजच वेगळं करा. टाकीत जाळी लावून भागवू नका, कारण जाळीपलीकडूनही तो तिला दिसत राहतो आणि ती कोपऱ्यात बसते. तीन फुटी टाकी तीन स्लायडरला तशीही कमी आहे. ढोबळ हिशेब कवचाच्या दर इंचाला ४० लिटर पाणी. म्हणजे १४ सेंटिमीटरच्या मादीला एकटीला सव्वादोनशे लिटरच्या आसपास. ती २५ सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होईल, हे धरूनच पुढची सोय करा. नर तिच्यापेक्षा बराच लहान राहील.

मग तिला अंडी घालायची जागा द्या. ६० बाय ४५ सेंटिमीटरचा क्रेट, त्यात निम्मी नदीची बारीक वाळू आणि निम्मी पोयटा माती. खोली किमान २० सेंटिमीटर. मिश्रण इतकं ओलं की मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, पण पाणी गळू नये. कोरड्या वाळूत खड्डा ढासळतो आणि ती सोडून देते. केवळ उथळपणामुळे किंवा कोरडेपणामुळे मादी दिवसेंदिवस अंडी अडवून ठेवते, आणि मग ती अंडी पोटात अडकतात. क्रेट सावलीत, शांत ठिकाणी ठेवा. रोज सकाळी दोन तास तिला त्यात सोडा, समोर कुणी उभं राहू नये. ती मागच्या पायांनी खड्डा काढायला लागली तर हात लावू नका, पूर्ण होऊ द्या. अंडी अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी, लांबट असतात.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन (कटलफिशचं चुन्याचं हाड) आणा. कडक पाठ सुरीने काढून मऊ भागाचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवा, ती स्वतःच कुरतडते. पण कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवं, आणि काचेतून आलेलं ऊन चालत नाही. काच उन्हातले अतिनील किरण अडवते. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत सकाळी सात ते साडेआठ एवढंच ऊन द्या, तेही टबच्या अर्ध्या भागावर गोणपाटाची सावली करून. दुपारी गच्चीवर ठेवलेला उथळ टब अर्ध्या तासात कासव मरेल इतका तापतो. टाकीचं पाणी २४ ते २८ अंशांत राहू द्या. थर्मामीटर लावा, हाताने अंदाज घेऊ नका.

डॉक्टरकडे कधी न्यायचं: ती सुस्त झाली, पाण्यात एका बाजूला कलली, मागचे पाय ओढायला लागली, किंवा जोर करतेय पण अंडं येत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी. एक्स-रेमध्ये अंडी स्पष्ट दिसतात, त्यावरून पुढचं ठरतं. घरी पोट दाबून अंडी चाचपडू नका. आत अंडं फुटलं तर जंतुसंसर्ग होऊन मादी जाते. अंडं बाहेर यावं म्हणून देतात ते बाजारातलं इंजेक्शन स्वतः देणं तर अजिबात नको. अंडं आडवं किंवा मोडलेलं असताना ते दिलं तर जीव घेतं.

नराविषयीही सांगून ठेवतो, कारण पाळणाऱ्यांची सगळ्यात मोठी घाबरगुंडी इथे उडते. नराच्या शेपटीतून कधीकधी जांभळट काळा, पुढे पसरट असा मांसल भाग बाहेर येतो. बघणाऱ्याला आतडं बाहेर आल्यासारखं वाटतं. ते त्याचं लिंग आहे, आणि काही मिनिटांत आपोआप आत जातं. नर ओळखण्याची ही तर शंकाच न उरणारी खूण. त्याला बोट लावू नका. इतर कासवं मात्र लगेच बाजूला काढा, ती त्याला खाद्य समजून चावतात. तासाभरात आत गेलं नाही, सुजलं, कोरडं पडलं किंवा चावा दिसला, तर स्वच्छ ओल्या मऊ कापडात ठेवून डॉक्टरकडे न्या. बाहेर आलेला भाग गुलाबी किंवा लाल आणि नळीसारखा असेल तर तो आतडं किंवा मादीची अंडनलिका असू शकते. त्यात तासभरही वाट बघायची नाही.

रावेर_केळीबाग

डॉक्टरसाहेब, वेगळा केलेला नर ठेवायला दुसरी टाकी नसेल तर? गावात बरेच जण अशी कासवं तापीत किंवा धरणात सोडून देतात.

हतनूर_पाणथळ (भुसावळ)

ते कृपा करून कुणी करू नका. स्लायडर अमेरिकेतलं आहे, आणि जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परकीय प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. आपल्या फ्लॅपशेलची खाण्याची आणि उन्हं घेण्याची जागा ते बळकावतं, टाकीतले रोगजंतू नदीत नेतं. "एकटा नर सोडला तर पिल्लं कशी होतील" असंही कुणी म्हणतं, पण त्या डोहात आधी कुणी मादी सोडलेली नाही हे कोण सांगणार? आणि मादी सोडली तर तिच्या पोटात साठवलेलं बीज आहेच.

दुसरी काचटाकीच लागते असं नाही. बांधकामवाल्यांकडची २०० लिटरची जाड प्लॅस्टिकची टाकी उभी अर्धी कापली, कडा घासून गोल केल्या, आत फिल्टर आणि बाहेर पडता येईल अशी विटांची पायरी केली, की ११ सेंटिमीटरच्या नराचं तात्पुरतं काम भागतं. वर जाळी हवीच, कावळे आणि मांजरं दोन्ही येतात.

काचटाकी_जळगाव

सर, लहान्यासाठी वहीत एक पान करा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चार मापं: कवचाची सरळ लांबी, पुढचं नख, मागचं नख, आणि डब्याच्या चित्रातून छिद्र ते कवचाची कड. छिद्र कडेच्या बाहेर असेल तर अधिक चिन्ह, आत असेल तर उणे. ९ ते १० सेंटिमीटरच्या दरम्यान पुढचं नख मागच्यापेक्षा वेगाने वाढायला लागलं आणि छिद्राचं माप अधिककडे सरकत गेलं तर नर. १३ च्या पुढेही नखं सारखीच आणि माप शून्याच्या आसपास राहिलं तर मादी. एखाद्या महिन्यात फक्त एकच माप बदललं तर घाई करू नका, मोजण्यात चूक असू शकते. दोन मापं सलग दोन महिने एकाच बाजूला गेली तरच लिहा.

चावाचावीत शेपटीचं टोक तुटलेलं कासव पुढेमागे आलं, तर लांबीवरून फसाल. टोक गेलं तरी छिद्र कडेच्या आत आहे की बाहेर, ते बदलत नाही. आणि म्हाताऱ्या नरात अंगावरचे पिवळे पट्टे, लाल पट्टासुद्धा काळपट होत जातो. कुणी ते आजार म्हणून औषधं घालतात, कुणी वेगळी जात समजतात. तोही नराच्याच वाढीचा भाग आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

नर आजच संध्याकाळी वेगळ्या टबमध्ये हलवला. मादीच्या क्रेटसाठी बोरीच्या पात्रातली बारीक वाळू मिळाली आहे, ती दोनदा धुऊन पोयट्यात कालवतो आणि उद्या सकाळी तिला सोडतो. नववीच्या वर्गाने लहान्याच्या मापांचा तक्ता आखलाय. पहिली ओळ: कवच ७.६ सें.मी., पुढचं नख ५ मि.मी., मागचं नख ५ मि.मी., छिद्र शून्य.